वाचलेले पाणी कोणाचे?

पाटाचे दार उघडावे, उसाची सरी तुडुंब भरावी आणि पुढच्या पाळीपर्यंत निश्चिंत असावे, हा आमच्या बागायतीचा शिरस्ता आता मोडू लागला आहे. ठिबकची नळी पाणी आणि विद्राव्य खत थेट मुळांशी नेते. मातीत रोवलेली उपकरणे ओलावा मोजतात. उपग्रहाची छायाचित्रे व हवामानाच्या नोंदी यांचा मेळ संगणक घालतो आणि आज पाणी द्यावे की न द्यावे, याचा निरोप शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने असा प्रयोग उसावर केला आहे. राज्य सरकारनेही २०२५ साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मूठभर माती दाबून वाफसा ओळखणाऱ्या शेतकऱ्याला ही नवी जोड मिळत असेल, तर तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु शेतात वाचलेले पाणी जाते कोठे, हा प्रश्न या उत्साहात कोणी विचारीत नाही. ते धरणात राहत नाही की विहिरीतही राहत नाही. एका एकराचे पाणी दोन एकरांना पुरू लागले, की शेतकरी दुसऱ्या एकरातही ऊसच लावतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या पिकाला कायद्याने किमान दर ठरलेला आहे आणि ज्याचा घेणारा कारखाना जवळच उभा आहे, ते त्याने का सोडावे? जागतिक अन्न व कृषि संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा इशारा हाच होता : पाण्याच्या वाट्यावर मर्यादा घातल्यावाचून केवळ सुधारित सिंचनाने पाण्याचा एकूण वापर घटेल, असे मानता येत नाही.

महाराष्ट्राला हा इशारा परका वाटू नये. राज्यातील लागवडीच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषि खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने होते, हे विसरता येणार नाही.

कायदा नाही, अशीही सबब नाही. अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकांना ठिबक वा तुषार सिंचनाखेरीज कालव्याचे पाणी देऊ नये, अशी तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय २०१७ साली पुन्हा झाला. तरीही उसाच्या सऱ्या अनेक ठिकाणी पाटाच्याच पाण्याने भरत आहेत.

संगणकाचे नावही खेड्यात ठाऊक नव्हते, तेव्हा पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून जन्मलेल्या त्या प्रयोगात पाण्याचा हक्क जमिनीच्या नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे. भूमिहीनालाही वाटा मिळे. आणि उसाला मज्जाव असे.

नव्या धोरणाला याच शहाणपणाची जोड हवी. अनुदानाच्या पैशाने जे पाणी वाचेल, त्याचा हिशेब धरणवार जाहीर व्हावा. त्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा आणि मग कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा असावा. धरणाच्याच पाण्यावर जगणाऱ्या शहरांनीही या हिशेबातून स्वतःला वगळू नये. थेंब मोजण्याचे काम यंत्र चोख करील. त्याची न्याय्य वाटणी करण्याची जबाबदारी मात्र शासनाची आणि समाजाची आहे.