पैसा वसूल न करण्याची सुट्टी

सुट्टीच्या दिवशी पतिपत्नींनी कोठे जावे, या प्रश्नाला बंगळुरूसारख्या महानगरात अलीकडे बहुधा एकच उत्तर मिळते : मॉल. बनशंकरी परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. वास्तविक बनशंकरी मंदिरावरून दक्षिणेस जाणाऱ्या कनकपुरा रस्त्यावरच तातगुणीचा विस्तीर्ण मळा आहे. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक आणि त्यांच्या पत्नी देविका राणी यांनी आयुष्याचा उत्तरार्ध येथे व्यतीत केला. मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’च्या या अभिनेत्री दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी होत्या. १९४५ मध्ये विवाहबद्ध झालेल्या या दांपत्यापैकी रोरिक १९९३ मध्ये निवर्तले आणि देविका राणी १९९४ मध्ये.

रोरिक आणि त्यांचे वडील निकोलस यांची चित्रे कर्नाटक चित्रकला परिषदेच्या संग्रहालयात आहेत. १९६० साली स्थापन झालेली ही संस्था कुमारकृपा रस्त्यावर आहे. २०१७ पासून मेट्रोची हरित मार्गिका बनशंकरीहून थेट संपिगे रोड स्थानकापर्यंत जाते, पुढे रिक्षाने अंतर थोडेच. संग्रहालयास अल्प शुल्क असले, तरी शेजारच्या दालनांतील बदलती प्रदर्शने विनामूल्य पाहता येतात. पॅलेस रोडवरील माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये २००९ साली उघडलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे तिकीटही अवघे २० रुपये. मेट्रोच्या जाण्यायेण्याचा खर्च त्याहून अधिक होतो!

मग प्रवेश विनामूल्य असावा, हा आग्रह कशासाठी? वीस रुपयांनी कोणाचे अंदाजपत्रक कोलमडत नाही, हे खरेच. परंतु तिकीट, मग ते कितीही स्वल्प असो, मनात एक हिशेब उघडते आणि मराठी मनाला तो ‘पैसा वसूल’ झाल्याविना मिटवता येत नाही. अशा वेळी एकही दालन सुटू नये म्हणून धावपळ होते, चित्रापेक्षा त्याखालील नावाची पट्टी अधिक वाचली जाते आणि तासाभरात पाय दुखू लागतात. पुन्हा येण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण ‘सर्व पाहून झाले’. ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. कलादालनापुरती ती अक्षरशः खरी मानावी. जेथे काही मोजलेले नाही, तेथे एकाच चित्रापुढे अर्धा तास बसता येते आणि न आवडल्यास दहा मिनिटांत निःसंकोच बाहेरही पडता येते. मुंबईत काळा घोडा येथील जहांगीर कलादालनात १९५२ पासून असे कितीतरी लोक सहज डोकावत आले आहेत. त्यांतील अनेकांना चित्रकलेतले काही कळत असे, असा दावा कोणी करणार नाही. तशी अटही नसावी.

पतिपत्नींच्या बाबतीत तर याचे मोल आणखी आहे. गृहकर्जाचा हप्ता, मुलांचे शुल्क, सासर-माहेरची आजारपणे या विषयांपलीकडे दोघांचे संभाषण क्वचितच जाते. एकच चित्र त्याला उदास आणि तिला शांत वाटते, तेव्हा वीस वर्षांच्या सहवासानंतरही जोडीदाराचे एखादे मत नव्याने कळते. चित्रपटगृहाच्या अंधारात हे साधत नाही. तेथे बोलण्यास मनाई असते.

अर्थात विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. चित्रांची निगा, सुरक्षा, दालनातील योग्य तापमान यांसाठी पैसा लागतोच आणि तो शासन किंवा देणगीदार यांनी द्यावा लागतो. ब्रिटनने २००१ च्या डिसेंबरात आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे उरलेसुरले प्रवेशशुल्क रद्द केले. प्रेक्षक वाढले, पण भार सरकारी तिजोरीवर आला. आपल्याकडे तेवढे शक्य नसेल, तर महिन्यातून एक रविवार मोकळा ठेवण्यास काय हरकत आहे? आणि त्या दिवशी दारे सायंकाळी उशिरापर्यंत उघडी असावीत. घरकाम आटोपून, मुलांची सोय लावून दुपारी चारला निघालेले जोडपे पाचाच्या सुमारास बंद होत असलेल्या फाटकाशी पोहोचत असेल, तर त्याच्यासाठी ती सवलत केवळ कागदावरच राहते.

तोवर बनशंकरीकरांना चित्रसंतेचा आधार आहे. २००३ पासून चित्रकला परिषद हा मेळा भरविते, बहुधा जानेवारीतील एका रविवारी. कुमारकृपा रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि चित्रकार पदपथावरच आपली चित्रे मांडून बसतात. तिकीट नाही. चित्र विकत घ्यावे की नाही, यावर परतीच्या मेट्रोत दोघांचा वाद झाला, तर तोही होऊ द्यावा.