मोटर जळते ती तारेच्या दोषाने नव्हे!



मोटर जळाली की आपल्याला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, 'शेतकऱ्याला मोटर वापरता येत नाही.' दुसरी, 'स्वस्तात मोटर भरून घेता, भारी इन्सुलेशन टाका.' पहिली उघड शिवी आहे, दुसरी सल्ल्याच्या वेषातली. या दुसरीचा हिशेब मांडू.

जगातले भारी इन्सुलेशन म्हणजे पॉलिइमाइडची पिवळसर सोनेरी फिल्म. अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने ती १९६० च्या दशकात 'कॅप्टॉन' नावाने बाजारात आणली. ती वितळत नाही, दोनशे अंशांच्या उष्णतेतही वर्षानुवर्षे टिकते. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या यानावर तिचे आवरण होते. आपल्या रेल्वेच्या विजेच्या इंजिनांत मोटरीच्या तांब्यावर तीच गुंडाळतात. पंपाच्या साध्या मोटरीत तारेवर एनॅमलचा लेप आणि खाचेत पॉलिस्टरचा कागद असतो. तो साधारण १३० अंश सोसतो. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीच्या तारेवरचे प्लॅस्टिक तर त्याच्याही आधी मऊ पडते.

मग घालावी का ही महागडी फिल्म? रेल्वेच्या मोटरीत ती घालतात, कारण थोड्या जागेत प्रचंड ताकद काढायची असते; ती उष्णता आधीच हिशेबात धरलेली असते. आपली मोटर तापते ती कमी व्होल्टेजने.

व्होल्टेज उतरले की मोटरीचा जोर त्याच्या वर्गाने उतरतो. ४१५ ऐवजी ३०० व्होल्ट आले तर जोर जवळपास निम्मा. पाणी मात्र तेवढ्याच खोलीवरून उचलायचे. म्हणून मोटर जादा आमपेर ओढते. आमपेर दीडपट झाले की तारेतली उष्णता सव्वादोनपट होते. आणि इंजिनिअरांचा जुना ठोकताळा असा, की दर १० अंश जादा उष्णतेला इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते.

फिल्म घातली तर तार कदाचित वाचेल. पण व्होल्टेज वाढणार नाही, गेलेला जोर परत येणार नाही, बेअरिंगचे ग्रीस वितळायचे थांबणार नाही. रोग डीपीवर आणि औषध मोटरीला, हा कुठला न्याय?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनीच सांगितले होते, की लघुदाबाच्या व्होल्टेजमध्ये ६ टक्क्यांहून जास्त फरक नको. म्हणजे ४१५ च्या हिशेबाने ३९० च्या खाली नाही. परळीला १९७१ पासून वीज तयार होते. राख आपल्या जिल्ह्याला, आणि दिव्याखालचा अंधारही आपल्यालाच!

२०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल शून्य झाले. मोटर भरण्याचे बिल कोण देणार? रब्बी ज्वारी ५० ते ५५ दिवसांची झाली की पोटरीत येते, तेव्हा एक पाणी मिळाले तर कणीस भरते. कापसाच्या बोंडांचेही तसेच. त्याच आठवड्यात मोटर दुकानात पडून राहिली तर ते नुकसान कुठल्या माफीत बसते? फुकटाची वीज नको असे कोण म्हणेल? पण मोटर जाळणारी वीज फुकट मिळाली तरी महागच पडते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे ठरलेले मानक न पाळल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. ग्रामीण भागातला जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला राज्य वीज नियामक आयोगाने २००५ साली ४८ तासांची मुदत घातली होती. पण भरपाई तोंडी मागून मिळत नाही.

म्हणून प्रत्येक डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून एक वही घाला. स्टार्टरला व्होल्टमीटर लावा. तारीख, वेळ, तिन्ही फेजचे व्होल्ट रोज लिहा. डीपी कधी जळाली, तक्रार कधी दिली, बदलून कधी आली, हेही लिहा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मोटर भरल्याची पावती जपून ठेवा.

आणि आपल्या बाजूने एक पथ्य पाळा. ओव्हरलोड रिले बांधून ठेवू नका, दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढू नका. तसे केले तर दोष आपल्या माथी मारायला त्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

जिल्हा बैठकीला येताना ही वही घेऊन या. जळालेल्या मोटरीचा पंचनामा आता आपणच करायचा आहे.