पोटाचा घेर टेपने मोजावा

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एखाद्याचे पोट सुटलेले दिसले, की आपण कौतुकाने म्हणतो, "तब्येत सुधारली हो!" हडकुळ्या माणसाकडे पाहून मात्र हळहळतो. आम्हांला वाटते, दोन्हीकडे आपली नजर फसते.

चरबी हा शहरातल्या बैठ्या माणसाचा रोग, शेतकऱ्याला त्याचे भय नाही, असा समज भोपाळच्या आसपासच्या आपल्या कुटुंबांत अजून पक्का आहे. बैलांच्या दिवसांत तो बराचसा खराही होता. हिशेब करून पाहा. नांगराचे एक तास सहा इंच रुंद धरले, तर एक एकर नांगरायला बैलांमागून सुमारे 26 किलोमीटर चालणे होई, तेही ढेकळांतून आणि मुठीवर जोर देत. आज ट्रॅक्टर ते काम बघता बघता उरकतो, आणि चालवणारा बसलेला असतो. गहू हार्वेस्टर कापतो. आपल्या भोपाळातच 1976 साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. कष्ट हलके करणारी अवजारे घडवणे हेच तिचे काम. ते चांगलेच आहे. पाठ मोडून घेण्यात मोठेपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ही बातमी ताटाला कोणी कळवली नाही!

पोळ्या पूर्वीइतक्याच. वर सकाळी पोहे-जिलेबी, सणाला तुपात बुडवलेले बाफले. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आले आणि तेल डब्याने घरात येऊ लागले. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात. तेवढ्या खर्चायला साधारण अर्धा तास झपझप चालावे लागते. फोडणीत असे किती चमचे पडतात, हे घरच्या माउलीला विचारावे.

"पण आमचा बाळ्या तर काटकुळा आहे," असे कोणी म्हणेल. त्यासाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगतो. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. दिसायला दोघेही सडसडीत. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली! 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापून आले. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही लक्षात घ्यावे. पण सारा फरक तेवढ्याने पडत नाही. याज्ञिकांनीच पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शेतकरी आयांची बाळे तपासली. ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांची 3.5 किलोची. आपली बाळे हातापायांनी बारीक, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे ही ठेवण आपण आईच्या पोटातूनच आणतो. म्हणून गरोदर सुनेला शेवटी उरलेसुरले वाढण्याची चाल आम्हांला अक्षम्य वाटते.

पोटातील चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठते व इन्सुलिनचे काम बिघडवते. रक्तातील साखर ओढून घेणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि वापर नसला की तेही झिजतात. नुसते उपाशी राहिल्यास चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन पोळ्या कमी करून तिथे डाळ, हरभरा व भाजी वाढावी. शेतावर मोटारसायकलने जाण्याऐवजी पायी जावे, आणि टोपल्या, पोती स्वतः उचलावीत. पोटाचे व्यायाम करून तेवढीच जागा सपाट होते, ही समजूत सोडावी. मधुमेहाची गोळी किंवा छातीत दुखणे असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

शिवणयंत्राच्या खणात टेप असतोच. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. पुरुषाचा 90 सेंटिमीटर किंवा स्त्रीचा 80 सेंटिमीटर भरला वा त्याहून जास्त निघाला, तर पुढच्या बाजारच्या दिवशी दवाखान्यात रक्तातील साखर तपासून घ्यावी.