कणकेचा कोंबडा आणि सहांचा संघ

लालबागमध्ये अनेक वर्षे धान्याचे दुकान चालवून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांचा नववीत शिकणारा नातू यांच्यात गेल्या चातुर्मासात एक वाद उभा राहिला. आजोबा सायंकाळचे सामायिक आटोपून उठत होते, तोच शेजारच्या खोलीतून नातवाचा आवाज आला, “मार त्याला! आता मेलाच तो!” आजोबा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “कोण मेले रे बाळ?”

नातू ओशाळला. “खरे कोणी नाही, आजोबा. पोकेमॉन आहे. पडद्यावरचा प्राणी. आणि तो मरत नाही, नुसता मूर्च्छित होतो.”

आजोबा त्या वेळी काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात यशोधर राजाची कथा आली होती. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांत सांगितली गेलेली ही कथा आपल्या वाचकांना परिचित असेल. सोमदेवसूरींनी शके 881, म्हणजे इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथाचा विषय तीच आहे आणि पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ लिहिले तेही याच राजावर. राजमाता चंद्रमतीने अरिष्ट टळावे म्हणून देवीला जीवाचा बळी देण्याचा आग्रह धरला. राजाने नकार दिला. अखेर मधला मार्ग निघाला तो कणकेच्या कोंबड्याचा. कोंबडा पिठाचा होता. त्यात प्राण नव्हता, रक्त नव्हते. परंतु तलवार उचलताना मारण्याचा भाव मनात होता आणि त्या भावाचे फळ म्हणून माता व पुत्र यांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्मोजन्मी दुःख भोगावे लागले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी ही कथा नातवाला सांगितली आणि विचारले, “कोंबडा खोटा होता म्हणून राजा सुटला नाही. मग पडद्यावरचा प्राणी खोटा आहे म्हणून तू सुटशील का?” मुलाजवळ उत्तर नव्हते. पण तो हुशार होता. तो म्हणाला, “आजोबा, आधी खेळ काय आहे तो तर बघा. मग तुम्ही सांगाल तसे करीन.” आजोबांनी ते मान्य केले. ज्या मालाची पारख नाही त्याचा भाव ठरवू नये, हा दुकानातील नियम त्यांनी घरातही पाळला.

पोकेमॉन हा खेळ जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा गावी गेले. त्यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा नाद होता. पुढे शेते आणि तळी जाऊन तेथे इमारती आल्या, कीटकही गेले. शहरातल्या मुलांना तो शोधाचा आनंद पुन्हा मिळावा, या कल्पनेतून खेळ जन्मला. आरंभी त्यात 151 काल्पनिक प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. लढाईत हरलेला प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो, ही योजना ताजिरी यांनी जाणूनबुजून केली होती. निरर्थक हिंसेत भर घालण्याची त्यांची इच्छा नव्हती.

आजोबांना ही हकिकत भावली. 1982 चा गिरणी संप त्यांनी पाहिला होता. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि चाळींच्या पटांगणांत वाढलेले बालपण बाराव्या-पंधराव्या मजल्यावर गेले. मुले पडद्याकडे का वळली, याचे अर्धे उत्तर तेथेच आहे. पण कीटक पकडण्याच्या गोष्टीने त्यांच्या कपाळाला आठीही पडली. सप्तव्यसनांत जुगार आहे, तशी शिकारही आहे. “पकडायचे म्हणजे शिकारच की!” ते म्हणाले. नातवाने खुलासा केला की तो खेळतो त्या ‘शोडाउन’ या विनामूल्य संगणकीय आखाड्यात काही पकडावे लागत नाही. यादीतून सहा प्राणी निवडायचे, त्यांचा संघ बांधायचा आणि दुसऱ्याच्या संघाशी बुद्धीने झुंजायचे.

पोकेमॉन आणि जैन समाज यांची गाठ याआधीही पडली आहे. 2016 साली ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ आला. त्यात रस्त्याने चालत जाऊन आभासी अंडी मिळवावी लागत आणि ठराविक किलोमीटर चालल्यावर ती उबत. ही अंडी हिंदू व जैन मंदिरांच्या ठिकाणी दाखवली जातात, त्यामुळे श्रद्धाळूंच्या भावना दुखावतात, अशी जनहित याचिका त्या वर्षी गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली आणि न्यायालयाने खेळाच्या कंपनीला नोटीसही काढली. आभासी वस्तूनेही मन दुखावते, हे त्या प्रकरणात समाजाने स्वतःच सांगितले होते. तेव्हा ‘पडद्यावरचे ते खोटे’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही.

पुढले काही दिवस जेवणानंतर आजोबा नातवाच्या शेजारी बसू लागले. या खेळाची जी स्पर्धात्मक पद्धत आहे, तिचे नियम थोडक्यात असे. प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांचा संघ नोंदवतो. दोघांना एकमेकांचा संघ दिसतो. मग सहांपैकी चार निवडून आणायचे आणि त्यांतील दोन-दोन मैदानात ठेवायचे. प्रत्येकाला चारच चाली येतात. प्राण्यांचे अठरा प्रकार आहेत: पाणी, अग्नी, वनस्पती, वीज, भूमी, बर्फ इत्यादी. पाणी अग्नीला भारी, अग्नी वनस्पतीला भारी आणि वनस्पती पाण्याला. ज्याच्यात काही उणे नाही असा सर्वश्रेष्ठ प्राणी शोधून सापडत नाही.

संघ बांधायचा तो याच उणिवांच्या आधारे. नातवाचा आवडता प्राणी ग्याराडोस. तो पाण्याचा आणि आकाशाचा, म्हणून विजेचा आघात त्याला चौपट लागतो. त्याच्या जोडीला गारचॉम्प घेतला. तो भूमीचा असल्याने त्याच्यावर विजेचा काहीच परिणाम होत नाही. पण गारचॉम्पला बर्फ चौपट बाधतो. म्हणून अग्नीचा आर्कनाइन आणला. त्याला बर्फाचे भय नाही. आर्कनाइनला पाणी आणि भूमी यांची भीती. ती निवारायला वनस्पतीचा रिलाबूम. अशी एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची साखळी होते. जीवांनी परस्परांना साह्यभूत व्हावे, हा तत्त्वार्थसूत्रातला विचार आजोबांना येथे अनपेक्षितपणे भेटला.

त्यांना सर्वांत रस वाटला तो गुणांच्या हिशेबात. प्रत्येक प्राण्याला सहा अंगे असतात: प्राणशक्ती, दोन प्रकारचे हल्ले, दोन प्रकारचे बचाव आणि वेग. ‘स्कार्लेट-व्हायोलेट’ या 2022 सालच्या खेळाच्या पद्धतीत या अंगांवर वाटण्यासाठी प्रत्येकाला 510 गुणांचे भांडवल मिळते. खेळाडू त्याला ‘ईव्ही’ म्हणतात. एका अंगावर 252 पेक्षा अधिक गुण घालता येत नाहीत. स्पर्धेतील पन्नासाव्या पातळीवर पहिल्या 4 गुणांनी त्या अंगात 1 ने वाढ होते आणि त्यापुढे प्रत्येक 8 गुणांमागे 1 ने. म्हणजे 252 गुण ओतले की वाढ 32 ची. मुलगा सगळ्यांना हल्ला आणि वेग यांत 252-252 देऊन मोकळा झाला होता.

“सगळे भांडवल दोनच मालांत गुंतवलेस,” आजोबा म्हणाले. “भाव पडला तर?”

भाव पडतच होता. ते सहाही जण वेगवान आणि आक्रमक होते. पहिला घाव त्यांचा, पण समोरच्याने तो झेलला की उलट घावात ते आडवे. नातू हरलेल्या सामन्यांची वही ठेवत असे. आजोबांनी ती मागून घेतली. पराभवाचे कारण म्हणून अकरा ठिकाणी एकच शब्द होता: ‘नशीब’.

“माझ्या खातेवहीत या नावाचे खाते कधी नव्हते,” एवढेच बोलून त्यांनी वही परत केली.

नशिबाचा भाग या खेळात नाही असे नाही. एकाच आघाताचे बळ दर वेळी थोडे बदलते; ते 85 ते 100 टक्क्यांमधील सोळा संभाव्य आकड्यांपैकी एक असते. परंतु या सोळांपैकी किती आकड्यांना आपला प्राणी पडेल, हे आधी मोजता येते. नातवाने ते मोजायला सुरुवात केली. आर्कनाइनच्या हल्ल्यातले काही गुण काढून त्याने बचावात घातले आणि ज्या आघातासमोर तो सोळांपैकी नऊ वेळा पडत होता, त्यासमोर आता दोनच वेळा पडू लागला. एका वेळी एकच बदल करायचा, दहा सामने खेळायचे, मग वहीत लिहायचे, असा क्रम ठरला. ‘नशीब’ हा शब्द जाऊन तेथे ‘घाईने बदलला’, ‘त्याचा वेग तपासला नाही’ अशी कारणे दिसू लागली. रोजच्या प्रतिक्रमणात श्रावक आपल्या दोषांची आलोचना करतो तीही अशीच नेमकी असावी लागते, हे आजोबांनी त्याला तेव्हाच सांगितले.

याच सुमारास नातवाने त्यांना 2014 सालच्या जागतिक स्पर्धेची हकिकत ऐकवली. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झालेल्या त्या स्पर्धेत दक्षिण कोरियाचा पार्क सेजुन विजयी झाला. त्याच्या संघात पाचिरिसू नावाची एक चिमुकली, खारीसारखी विजेची प्राणी होती. तिचा हल्ला इतका दुबळा की स्पर्धेत तिला कोणी विचारत नसे. पार्कने तिला हल्ल्यासाठी घेतलेच नव्हते. प्रतिस्पर्ध्याचे आघात साथीदाराकडून स्वतःवर ओढून घेणे हे तिचे काम. त्यातही वीज अंगावर आली की तिला इजा होण्याऐवजी तिची प्राणशक्ती भरून येई. ग्याराडोसला जी वीज घातक, तीच पाचिरिसूला पोषक. बलवान साथीदाराचे रक्षण त्या दुबळ्या जीवाने केले आणि जगज्जेतेपद मिळवून देण्यात वाटा उचलला. आजोबांनी ही गोष्ट दोनदा ऐकली.

आता त्यांचे मन खेळाविषयी बरेच निवळले होते. पैशाचा प्रश्न त्यांनी विचारून घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले आणि ई-स्पोर्ट्सना त्यांपासून वेगळे मानले, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. नातवाच्या खेळात पैसा लागत नव्हता. जुगाराची शंका मिटली. कणकेच्या कोंबड्याची मात्र मिटली नव्हती.

ती एका रात्री आपोआप उलगडली. नातू अटीतटीचा सामना हरला आणि त्याने समोरच्या अनोळखी खेळाडूला संदेशाच्या चौकटीत काहीतरी खरमरीत इंग्रजी लिहिले. आजोबांनी अर्थ विचारला. मुलाने तो सांगितला नाही. क्षणभराने पलीकडचा खेळाडू काही न लिहिता निघून गेला.

“आपण इतके दिवस पडद्यावरच्या प्राण्याचा विचार करत होतो,” आजोबा शांतपणे म्हणाले. “त्याला काही लागत नाही. पण पलीकडे एक जीव बसलेला होता, बाळ. कदाचित तुझ्याएवढाच असेल. तो काही पिठाचा नव्हता.”

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “मी खेळ सोडू का?” आजोबांना हवे ते उत्तर आयते मिळत होते. परंतु भीतीने केलेला त्याग टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, “नियम तूच कर. मी फक्त साक्षीदार.”

मुलाने वहीच्या मागील पानावर नियम लिहिले. दिवसाला तीन सामने, त्याहून अधिक नाहीत. ‘मार’, ‘मेला’ हे शब्द तोंडातून निघणार नाहीत. हरल्यावर समोरच्याला ‘छान खेळलास’ एवढेच लिहायचे. ते लिहिण्याइतके मन शांत नसेल तर त्या दिवशी पुढचा सामना नाही. पर्युषणात खेळ पूर्ण बंद. चौथा नियम त्याला सर्वांत सोपा गेला आणि तिसरा सर्वांत अवघड, असे त्याने नंतर प्रांजळपणे सांगितले. दोनदा तो मोडलाही. दोन्ही वेळा वहीत नोंद आहे.

संवत्सरीच्या संध्याकाळी घरातील सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाल्यावर नातवाने आजोबांना एक शंका विचारली. त्या अनोळखी खेळाडूचे टोपणनाव त्याच्याजवळ होते, पण जैन धर्म, क्षमापना यांतले त्याला काही ठाऊक नसणार. मग लिहायचे काय?

“चुकलो, असे लिही,” आजोबा म्हणाले. “ते कोणालाही कळते.”

त्याने तसे लिहिले. उत्तर आले नाही. आठवड्याभराने आजोबांनी सहज चौकशी केली, तेव्हाही आले नव्हते. नातवाने वही उघडली, त्या सामन्यासमोर लिहिलेले ‘नशीब’ खोडले आणि शेजारी लिहिले: ‘राग’. मग तो दिवसाचा पहिला सामना खेळायला बसला आणि आजोबांनी आपली खुर्ची जवळ ओढली.