पाण्यात कोणी उतरायचं?

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे निघालेल्या घरात एक चर्चा हमखास होते. ऑर्लँडोला जायचं हे ठरलेलं असतं, प्रश्न असतो उतरायचं कुठे. खोलीचं भाडं, नाश्ता, थीम पार्कपर्यंतची बस, सगळं वहीत मांडून होतं आणि मग घरातलं सगळ्यात लहान माणूस विचारतं, "तिथे स्विमिंग पूल आहे ना?" मोठे म्हणतात, असणारच! पण खरी गंमत त्या तलावाच्या नियमांत आहे. कोणत्या हॉटेलचा पाहुणा कोणत्या पाण्यात उतरू शकतो, यावरून त्या जागेचा स्वभाव कळतो. आणि आपलाही.

आधी डिस्नी वर्ल्ड घेऊ. १ ऑक्टोबर १९७१ ला ते फ्लोरिडात सुरू झालं तेव्हा तिथे डिस्नीची दोन हॉटेलं होती, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. आज ती वीसच्या वर आहेत आणि त्यांच्या स्वस्त, मधल्या, महाग अशा सरळ पायऱ्या आहेत. तलावाचा नियमही सरळ आहे: ज्या हॉटेलात तुमची खोली, त्याच हॉटेलचा तलाव तुमचा. पोर्ट ऑर्लिन्स नावाची दोन जुळी हॉटेलं आहेत, त्यांचे तलाव एकमेकांच्या पाहुण्यांना चालतात. पण पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही दोन हॉटेलं एका तळ्याच्या दोन काठांवर, मध्ये पादचारी पूल. चालत पलीकडे जा, फिरा, खा. पाण्यात मात्र उतरायचं नाही. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या तलावात बुडी मारली की पाण्याखाली गाणी ऐकू येतात. पॉप सेंच्युरीत उतरलेल्या मुलाने ती गाणी काठावरून कल्पनेनेच ऐकायची.

सगळ्यात कडक पहारा स्टॉर्मअलाँग बे या तलावावर. यॉट क्लब आणि बीच क्लब या महाग हॉटेलांच्या मधला हा तलाव जवळजवळ तीन एकर पसरलेला आहे. तळाला वाळू, एक संथ वाहणारा प्रवाह आणि सुमारे २८ लाख लिटर पाणी. इथे खोलीची खूण दाखवली की मनगटावर पट्टा बांधतात आणि पट्टा असेल तरच आत. डिस्नीच्या सुट्टी क्लबचे सभासद, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षांचा मुक्काम आधीच विकत घेतलेला असतो, त्यांना दुसऱ्या काही हॉटेलांचे तलाव वापरायची सवलत असते. पण त्या सवलतीतूनही हा तलाव वगळलेला आहे.

शेजारच्या युनिव्हर्सलमध्ये बरीच वर्षं उलटी रीत होती. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक आणि २०१४ मध्ये आलेलं स्वस्तातलं कबाना बे. यांपैकी कुठेही उतरा, बाकीच्यांच्या तलावात पोहायला मोकळीक. गंमत अशी की संथ प्रवाहाचा तलाव स्वस्त कबाना बेमध्ये होता आणि महागड्या पोर्टोफिनोत नव्हता. त्यामुळे वर्दळ दोन्ही बाजूंनी व्हायची. गरीब पाहुणा श्रीमंताकडे आणि श्रीमंत गरिबाकडे, तेही पोहण्याच्या कपड्यांत! हे नियम बदलत राहतात, म्हणून जाणाऱ्याने त्या वेळचा नियम विचारूनच घ्यावा.

पॅरिसच्या डिस्नीलँडने भांडणच ठेवलं नाही. सँटा फे आणि शायेन या तिथल्या स्वस्त हॉटेलांना तलावच नाही. टोकियोत तिसरीच तऱ्हा. मिराकोस्टासारख्या महागड्या हॉटेलात खोली घेतली तरी पोहण्याचे पैसे वेगळे.

आता यातला न्याय्य नियम कोणता? पहिल्यांदा वाचताना मन युनिव्हर्सलकडे झुकतं. मोकळा दरवाजा कोणाला आवडत नाही? तरीही डिस्नीचा नियम मला अन्यायाचा वाटत नाही. तलावात माणसं किती मावतात, जीवरक्षक किती जणांवर लक्ष ठेवू शकतो, पाणी किती वेळात गाळून होतं, याला मर्यादा असते. चांगल्या तलावाकडे बाकीच्या सगळ्या हॉटेलांनी धाव घेतली तर तिथे ना पोहणं होईल ना पहारा. 'तुझी खोली कुठे' हा प्रश्न गर्दीचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. यात पैशाचा भेद आहेच, तो मी नाकारत नाही. पण रेल्वेच्या डब्यातही तो आहे आणि तिकीट काढणाऱ्याला तो आधीच माहीत असतो. कडक नियम म्हणजे वाईट नियम, असं समीकरण मांडता येत नाही. नियम 'किती' विचारतो की 'कोण' विचारतो, हे बघायला हवं.

हे बघणं सोपं नसतं, कारण 'कोण' विचारणारा नियम पुष्कळदा 'किती' विचारणाऱ्या नियमाचे कपडे घालून येतो. त्यासाठी फ्लोरिडाबाहेर जायलाही नको. ऑर्लँडोहून गाडीने साधारण दोन तासांवर सेंट ऑगस्टीन हे जुनं गाव आहे. तिथल्या मॉन्सन मोटर लॉजच्या दारात ११ जून १९६४ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. आठवड्याने, १८ जूनला, काही काळे आणि गोरे आंदोलक मिळून त्या लॉजच्या तलावात उतरले. व्यवस्थापकाचं म्हणणं होतं की तलाव फक्त पाहुण्यांसाठी आहे. गोऱ्या आंदोलकांनी सांगितलं, आम्ही इथले पाहुणे आहोत आणि हे आमचे पाहुणे आहेत. तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतलं. तो फोटो जगभर छापला गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला आणि २ जुलैला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. डिस्नी वर्ल्ड उघडलं ते त्यानंतर सात वर्षांनी, त्याच राज्यात.

'फक्त पाहुण्यांसाठी.' शब्द तेच, आज डिस्नीच्या फाटकावर आहेत तेच. फरक इतकाच की आज खोलीची खूण दाखवल्यावर प्रश्न संपतो. १९६४ मध्ये तो खोली दाखवल्यावर सुरू झाला.

आपल्याला हे नवं नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं आणि त्यानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. फ्लोरिडात कागदावरचा नियम साधा दिसत होता, त्यामागचा हेतू वाईट होता. महाडात कागदावरचा नियम चांगला होता आणि घाटावर तो कोणी पाळत नव्हतं. म्हणून मला वाटतं, नियम वाचून थांबू नये. काठावर कोण उभं राहिलंय, ते बघावं.

आपल्या रिसॉर्टांकडे आणि सोसायट्यांकडे या नजरेने बघा. नायलॉनच्या कपड्यांशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा आपल्या वॉटर पार्कांतला नेहमीचा नियम. सुती कपड्याचे धागे गाळणीत अडकतात, ओली साडी पायात गुंतते, तेव्हा नियमाला कारण आहे. पण मग अंगभर कपडे हवे असणाऱ्या आजींसाठी, मावशींसाठी तसा पोशाख भाड्याने ठेवणं हेही त्याच नियमाचं दुसरं अंग आहे. ते नसेल तर नियम कपड्याचा राहत नाही, आजीचा होतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्या शहराबाहेरच्या एका रिसॉर्टमध्ये तलावाशेजारी पाटी होती: 'ड्रायव्हर व आया यांना पाण्यात उतरण्यास मनाई.' एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी टॉवेल घेऊन काठावर बसली होती. पाण्यात तिने सांभाळायला आणलेलं तीनेक वर्षांचं बाळ, हातांना फुगे बांधलेलं. तिने पाय पाण्यात सोडले होते, तर रखवालदाराने येऊन ते वर घ्यायला लावले. जीवरक्षकाची खुर्ची रिकामी होती. मुलाचे आईवडील भज्यांच्या काउंटरपाशी. काही विपरीत घडलं नाही, देवाची कृपा. पण घडलं असतं तर सगळ्यात जवळ कोण होतं? जिच्यावर बाळाची जबाबदारी, तिलाच पाण्याची मनाई! हा नियम स्वच्छतेचा म्हणावा तर तिलाही अंघोळ करून, नायलॉनचे कपडे घालून उतरता आलं असतं. गर्दीचा म्हणावा तर तलाव अर्धा रिकामा होता. तो नियम 'कोण' विचारत होता, आणि त्यासाठी बाळाचा जीवही टांगणीला लावायला तयार होता.

आणि काही जण असे असतात की त्यांना कोणी अडवत नाही, तरी ते पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं बेथेसदाचं तळं आपल्याला चॅपेलमध्ये ऐकून माहीत आहे. अडतीस वर्षं आजारी असलेला तो माणूस काठावर पडून आहे. त्याला मनाई नाही, पण पाण्यात नेऊन सोडणारं कोणी नाही. त्याच्या आधी दुसरे उतरतात. बरं करण्याच्या चमत्काराविषयी आपण पुष्कळ बोलतो. अडतीस वर्षं कोणी हात का दिला नाही, याविषयी कमी. अमेरिकेत आता हॉटेलांच्या तलावांसाठी कायद्याचं मानकच आहे: उतरता रस्ता हवा किंवा खुर्चीसारखी लिफ्ट हवी, आणि तलाव मोठा असेल तर आत जायच्या दोन सोयी हव्यात. सॅन अँटोनियोत २०१७ मध्ये पाण्याचं एक पार्क उघडलं, तिथे पाण्यात चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत. मनगटावर पट्टा बांधणाऱ्या देशात हेही आहे, हे आपण विसरू नये.

माझं म्हणणं एवढंच. मालकाने आपल्या तलावाला दार लावावं, किल्ली ठेवावी, माणसं मोजावीत. पण दारातला प्रश्न संख्येचा आणि सुरक्षेचा असावा. माणसाच्या जातीचा, रंगाचा, पगाराचा नसावा. आपल्या मंडळाची सहल ठरते तेव्हा आपण जेवणाचा दर विचारतो, बसचं भाडं घासाघीस करून कमी करतो. यंदा फोनवर आणखी तीन प्रश्न विचारू या. जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो? चाकाची खुर्ची वापरणाऱ्या आपल्या मैत्रिणीला पाण्यात कसं उतरता येईल? आणि आपल्या बसचे ड्रायव्हरकाका आपल्याबरोबर पोहू शकतील का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर कारण विचारायचं. कारण सांगता आलं नाही, तर दुसऱ्या रिसॉर्टचा नंबर लावायचा.