दिवे नकोत, रॅम हवी!
मुलगी ॲनिमेशन शिकतेय म्हटलं, की दुकानदार आधी रंगीत दिव्यांची कॅबिनेट दाखवतो. मैत्रिणींनो, भुलू नका! पैसा आतल्या भागांवर घाला : सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि चांगला एसएमपीएस. सुरुवात साध्या द्विमितीय चित्रांपासून असेल, तर ग्राफिक्स कार्ड मागाहून घेतलं तरी चालतं. मात्र त्यासाठी मदरबोर्डवर जागा आणि एसएमपीएसमध्ये ताकद आजच हवी. सॉफ्टवेअरला दमडीही लागत नाही; ब्लेंडर आणि क्रिटा फुकट मिळतात. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरवरच घडला.
मुलाच्या कॉम्प्युटरसाठी कर्ज काढणारी घरं मुलीला मात्र ‘मोबाइलवरच शिक’ म्हणतात. तिच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून एवढं काढलं, तर बिघडलं कुठं?