विश्लेषण : सातबाऱ्याची डिजिटल सही आणि ६१७ अंकी संख्या, क्वांटम संगणक आल्यावर काय होणार?

पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या ऊस उत्पादकाला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर तलाठ्याला (आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याला) शोधत फिरावे लागत नाही. महाभूमी पोर्टलवर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर येतो. ना शाई, ना शिक्का. तरी तो खरा मानला जातो, कारण अशा सह्यांच्या मागे गणित असते.

हे गणित काय आहे?

भारतात डिजिटल सहीसाठी ‘आरएसए’ पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यात दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवतात आणि त्यांचा गुणाकार जाहीर करतात. २०४८ बिटची ही संयुक्त संख्या ६१७ अंकी असते. जाहीर संख्येवरून सही कोणीही तपासू शकतो. सही करायला मात्र गुप्त अवयव लागतात.

८०५१ चे अवयव काढून पाहा. २, ३, ५ असे मूळ संख्यांनी भागत गेलात तर तेविसाव्या प्रयत्नाला ८३ सापडतो. ८३ × ९७. पण ८०५१ म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, हे लक्षात आले तर उत्तर एका ओळीत मिळते. म्हणूनच दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडत नाहीत.

गंमत अशी की, संख्या संयुक्त आहे हे अवयव न काढताही कळते. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची वेगवान आणि खात्रीची रीत सिद्ध केली. अवयव काढण्याची तशी रीत साध्या संगणकासाठी आजवर कोणाला सापडलेली नाही.

मग धोका कुठे?

१९७७ मध्ये जाहीर केलेली १२९ अंकी संख्या फोडायला अब्जावधी वर्षे लागतील असे वाटत होते. १९९४ मध्ये इंटरनेटवरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ती फोडली. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. ६१७ अंकी अजून फार दूर आहे, पण क्वांटम संगणकावर हा हिशेब बदलतो. ती फोडायला २ कोटी क्युबिट लागतील असा २०१९ चा अंदाज होता. मे २०२५ मध्ये गुगलच्या क्रेग गिडनी यांनी तो १० लाखांच्या आत आणला. एवढे मोठे यंत्र आज कुठेही नाही. अंदाज मात्र सहा वर्षांत वीसपट खाली आला, आणि काळजी करायची तर याची.

तयारी काय?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणारी तीन नवी मानके जाहीर केली. २०३५ नंतर आरएसए बंद करण्याचा त्यांचा प्रस्ताव आहे. भारताने २०२३ मध्ये ६००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यात सुरक्षित संदेशवहनही येते.

सातबाऱ्यापुरते बोलायचे तर, उद्या कोणी सही बनावट केली तरी मूळ नोंद शासनाच्या सर्व्हरवरच राहते. त्यामुळे कर्ज देताना किंवा जमीन घेताना हातातल्या पीडीएफवर न थांबता उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहता येतो. ही सोय आजही आहे.